बुधवारचा सौना

किविसाल्मीच्या केंद्राबद्दल जिल्हा आरोग्य मंडळाला एक गोष्ट कळत नव्हती. हेरॉइनची नशा सुटावी म्हणून मेथाडोन या औषधावर असलेल्या माणसाने रोज केंद्रात यायचं, खिडकीपाशी परिचारिकेसमोर आपली मात्रा प्यायची आणि मग आपल्या कामाला जायचं, अशी सगळीकडची रीत. ज्यांच्यावर भरवसा बसतो त्यांना आठवड्याच्या बाटल्या कुलपाच्या डब्यातून घरी नेता येतात, पण त्याआधी लघवीची तपासणी निर्मळ यावी लागते. किविसाल्मीचं केंद्र इतर कुणाहीपेक्षा जास्त जणांना बाटल्या देत होतं आणि तपासणी मात्र जवळजवळ करतच नव्हतं. तरी तिथली माणसं टिकत होती. हे कसं, ते बघून यायला मंडळाने केर्तूला पाठवलं होतं. उत्तर पटलं नाही तर बाटल्यांची परवानगी काढून घेतली जाणार होती.

केर्तू मूळची रसायनशास्त्राची. लघवीच्या नमुन्यात काय काय सापडतं हे शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. पुढे प्रयोगशाळेतलं उभं राहणं गुडघ्यांना झेपेना, तेव्हा मंडळाने तिला मूल्यमापनाच्या कामावर घेतलं. तेव्हापासून ती केंद्रं बघत हिंडत होती. सगळीकडे खिडकीत तीच न मरणारी झाडं, तीच थर्मासमधली कॉफी आणि 'आमच्याकडे माणसाला माणसासारखं वागवतात' असं पहिल्या पाच मिनिटांत सांगणारं कुणीतरी. तिच्या अहवालांनंतर काही केंद्रं बंद पडली, काही चालू राहिली. त्यातलं कुठलं बरोबर झालं असं कुणी विचारलं असतं, तर तिला सांगता आलं नसतं. कुणी विचारलंही नव्हतं.

मंगळवारी ती पोचली तेव्हा नोव्हेंबरातला नेहमीचा दिवस होता, म्हणजे उजाडल्यासारखं वाटेपर्यंत पुन्हा अंधारून आलं होतं. केंद्र बंदराला लागून होतं. पूर्वी तिथे मासे डबाबंद करायचा कारखाना होता, आणि कारखान्यातल्या बायाबापड्यांना घरी जाण्यापूर्वी अंगाचा वास घालवता यावा म्हणून बांधलेलं हे न्हाणीघर. कारखाना गेला, न्हाणीघर राहिलं. वर खिडकी, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि तळघरात वाफ घ्यायची खोली, अजूनही लाकडावर तापणारा सौना.

मुख्य परिचारिका सायमी साठीला टेकलेली, रुंद बांध्याची बाई होती. आवाज खालचा. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची तिला सवय होती. माणसाला माणसासारखं वगैरे ती काही म्हणाली नाही. तिने केर्तूला खिडकीमागे स्टूल दिलं आणि आपलं काम चालू ठेवलं.

माणसं येत होती, प्लॅस्टिकच्या इवल्याशा पेल्यातून मात्रा घेत होती. बऱ्याच जणांना केर्तू दिसतच नव्हती, किंवा ती दिसत नसल्यासारखं ते वागत होते. आउने नावाची एक म्हातारी तेवढी थांबली. ती बंदरावर क्रेन चालवायची, आता पुढचे चार दात आणि पाठीचा कणा सोडून तिचं सगळं शाबूत होतं. तिने केर्तूचा काळा कोट वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"कोण गेलं?" तिने सायमीला विचारलं.

"मंडळाकडून आल्यात."

"मग अजून जायचंय कुणीतरी," असं म्हणून आउने कॉफी प्यायला गेली.

दुपारी सायमीने मिल्काला बोलावून घेतलं. मिल्का तिशी उलटलेली, उंच, खांदे पुढे काढून चालणारी बाई होती. बोटीवरच्या कामगारांचं निळं जाकीट तिच्या अंगावर होतं. तुर्कूहून स्वीडनला जाणाऱ्या बोटीवर ती केबिनी साफ करायची. एक आठवडा बोटीवर, एक आठवडा घरी. या शुक्रवारी तिची कामाची पाळी सुरू होणार होती. बोटीवर मात्रा देणारी खिडकी नसते, म्हणून आठवड्याच्या बाटल्या मिळाल्या तरच तिला ती नोकरी करता येणार, हे केर्तूला सांगावं लागलं नाही. तरी सायमीने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी मिल्का याच दारात थंडीने निळी पडून कशी आली होती, ते सांगितलं. मुकादम तिच्यावर किती खूश आहे, तेही सांगितलं. मग म्हणाली, तूच सांग ना गं. मिल्काने सांगितलं, पाठ केलेली कविता म्हणावी तसं, जाकिटाची साखळी वरखाली करत. केर्तूने दोन प्रश्न विचारले. दोन्ही मंडळाने ठरवून दिलेले होते.

ती गेल्यावर केर्तूने तपासणीचा विषय काढला.

सायमी म्हणाली, तपासणी आम्ही करतो, फक्त तुमच्यासारखी नाही. पूर्वी कप होता. कप म्हणजे परिचारिकेने अर्ध्या दारामागे उभं राहून बाईला लघवी करताना बघायचं, नाहीतर नमुना धरत नाहीत. इथे येणाऱ्या निम्म्या बायकांना आयुष्यात नको तितक्या जणांनी नको तसं बघितलेलं असतं. त्या शिकल्या. दुसरीची लघवी बाटलीत भरून मांडीशी गरम ठेवून आणायच्या. आम्हीही शिकलो, बाटल्या शोधायला. चोर-शिपाई. दोन्हीकडची माणसं दमून गेली. मग एका हिवाळ्यात खालचा सौना दुरुस्त झाला आणि बुधवारी बायका, गुरुवारी पुरुष असं सुरू झालं. बायकांबरोबर सायमी बसते, पुरुषांबरोबर त्यांचा परिचारक. सगळे उघडे. तिथे बाटली लपवायला जागा नाही. दंड दिसतात, पाऊल दिसतं, जांघ दिसते, सुई टोचायच्या सगळ्या जागा. गोळ्या खाऊन आलेली वरच्या फळीवर दहा मिनिटं बसू शकत नाही.

"आणि दिसलं की?"

"दिसलं की काही नाही. सौन्यात बघितलेलं बघणाऱ्याने काढायचं नसतं. ज्याचं त्याने बोलायचं. दोन दिवसांत येऊन बोलतात."

"बोलल्यावर बाटल्या बंद?"

"बोलल्यावर बसून ठरवतो. बहुतेक वेळा बंद नाही करावं लागत."

केर्तूने विचारलं, हे मंडळाला का कळवलं नाही. सायमी म्हणाली, कळवलं असतं तर मंडळाने सौन्यातल्या वाफेचं प्रमाण किती ते विचारलं असतं. मग तिने विचारलं, "उद्या येतेस ना?"

केर्तू हो म्हणाली. विचार न करताच म्हणाली. सौन्याचं बोलावणं नाकारायला त्या मुलखात डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि तिला आयुष्यात कधी नाकारावंसं वाटलं नव्हतं. ती हाडामासाची बाई म्हणून बसणार होती आणि तिथे सगळे सारखेच असतात, हे दोघींनी लहानपणापासून इतकं गृहीत धरलं होतं की कोट काढला तरी तपासनीसाचे डोळे काढून खुंटीला लावता येत नाहीत, हे दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही.

बुधवारी तळघरात उतरताना जळत्या बर्चच्या लाकडाचा वास येत होता. केर्तू मधल्या फळीवर बसली. वर आउने, तिच्या शेजारी सायमी, पोटावर जुन्या शस्त्रक्रियेचा लांब वण. खाली आणखी दोघी, डोळे मिटून. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. आउनेने भट्टीवरच्या तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफ कानांपर्यंत चढली आणि केर्तूला तीन आठवड्यांत पहिल्यांदा आपले खांदे खाली उतरल्याचं जाणवलं.

"मंडळात असतो का असला?" आउनेने विचारलं.

"असतो. विजेवरचा."

"म्हणून तुमचे कागद असे सुके येतात."

खालच्या दोघींपैकी एक हसली. तेवढ्यात मिल्का आली. तिला उशीर झाला होता. ती सरळ वर चढली आणि पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसली. आउने बोलत राहिली, बहिणीच्या कुत्र्याबद्दल, कुत्र्याच्या दातांवर झालेल्या खर्चाबद्दल आणि स्वतःच्या दातांबद्दल. पुन्हा पाणी टाकलं. उष्मा वाढला तसं पाय दुमडून बसणं मिल्काला जड गेलं असावं. तिने पाय खाली सोडले. तिची पावलं केर्तूच्या खांद्याशी आली.

अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात एक लाल टिंब होतं. त्याच्याभोवती जांभळट वर्तुळ. कडेला पिवळेपणा अजिबात नव्हता. म्हणजे ताजं, एका दिवसाच्या आतबाहेरचं. केर्तूला हे वाचावं लागलं नाही, तिला ते अक्षर ओळखावं तसं कळलं. तिने मान वळवली. वळवायला पाव क्षण उशीर झाला. मिल्काने पाय वर ओढून दुसऱ्या पायाखाली घेतला.

सायमी दगडांकडे बघत होती.

नंतर बाहेरच्या खोलीत सगळ्यांनी टॉवेल गुंडाळून भाजलेले सॉसेज खाल्ले, लिंबाचं सरबत प्यायलं. आउनेने केर्तूच्या सॉसेजला मोहरी लावून दिली. मिल्का सगळ्यांच्या आधी कपडे करून गेली.

गुरुवारी सकाळी केर्तूने सायमीला स्वयंपाकघरात गाठलं. सायमी रात्रभर भिजलेले वाटाणे पातेल्यात घालत होती.

"तू बघितलंस," केर्तू म्हणाली.

 सायमीने वाटाण्यांवर पाणी ओतलं, ज्योत लहान केली. मग म्हणाली, "बघितलं."

"उद्या सकाळी तिला बाटल्या मिळणार."

"उद्या सकाळपर्यंत वेळ आहे तिच्याकडे."

"आणि नाही बोलली तर? काय घेतलंय माहीत नाही. त्यात काय मिसळलेलं होतं माहीत नाही. त्यावर आठवड्याचं मेथाडोन, आणि ती समुद्रात."

"बोलेल."

केर्तू उभीच राहिली. कुणी उत्तर पुरं केलं नाही की ती नुसती उभी राहायची. प्रयोगशाळेत लागलेली ही सवय मूल्यमापनात फार उपयोगी पडायची. सायमीने डाव पातेल्याच्या कडेवर ठेवला आणि खाली बसली. मागच्या हिवाळ्यात एक जण बोलला नाही, असं तिने सांगितलं. वेसा नाव. पुरुषांच्या परिचारकाने गुरुवारी दंडावर बघितलं, रीतीप्रमाणे गप्प राहिला. वेसा शुक्रवारी बाटल्या घेऊन गेला, हसतखेळत. रविवारी त्याच्या स्वयंपाकघरात सापडला. बाटल्या आपल्याच होत्या. परिचारकाने दोन महिने सौना पेटवला नाही.

"तरी तुम्ही तेच चालू ठेवलंत."

"कप होता तेव्हाही मेली की माणसं. जास्त मेली." सायमी आपल्या हातांकडे बघत होती. "तू बरोबर म्हणतेस, ते मला माहीत आहे. पण मी तिला आज हाक मारून विचारलं, तर पुढच्या बुधवारी खाली कोण येईल?"

 केर्तूच्या हातात तसं काही नव्हतं. मूल्यमापन करणाऱ्याने उपचारात हात घालायचा नाही, हा मंडळाचा नियम. सौन्यातलं बाहेर काढायचं नाही, हा सगळ्यांचा. दोन नियम एकाच बाजूला उभे होते आणि दुसऱ्या बाजूला एक लाल टिंब. तिला फक्त इतकं करता आलं असतं, की त्याच क्षणी मंडळाला फोन करायचा. मग दुपारपर्यंत परवानगी गेली असती, मिल्काची आणि बाकी सगळ्यांचीही. तिने फोन केला नाही. का केला नाही हे तिने स्वतःला नीट विचारलं, आणि थकवा हे उत्तर त्यात किती आहे ते तिला ठरवता आलं नाही.

दिवसभर ती मिल्काची वाट बघत राहिली. सायमीही बघत होती. दार वाजलं की दोघींच्या माना एकदम वळायच्या. दुपारी सूप खायला बरीच माणसं आली. मिल्का आली नाही.

शुक्रवारी खिडकी उघडायच्या आधीच केर्तू आली. दार मोकळं होतं, आत सायमीच्या खोलीतून किल्ल्यांचा आवाज येत होता. बाकावर मिल्का बसली होती, जाकीट घालून, पायाशी प्रवासाची पिशवी. तुर्कूची बस दहाला होती.

केर्तू शेजारी बसली.

"लिहून झालं का, मंडळबाई?" मिल्काने समोर बघतच विचारलं.

"काय?"

"डोळे तर चांगले आहेत तुझे."

"सौन्यात दिसलेलं मी लिहीत नाही," केर्तू म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच कोरडा वाटला. "पण आत्ता आपण दोघी कपडे घालून बसलोय. म्हणून विचारते. कधी घेतलंस?"

आपण दोन्ही नियम मोडले हे वाक्य संपताना तिला कळलं. मिल्काने पिशवीचा पट्टा हातात घेतला. ती आता उठून जाणार असं केर्तूला वाटलं.

"मंगळवारी. संध्याकाळी."

"मंगळवारी तू इथे होतीस."

"इथे होते. तुझ्यासमोर उभी होते. इथून निघाले ती सरळ चुलतबहिणीकडे." मग तिने केर्तूचा चेहरा बघितला. "तुझ्यामुळे नाही. उगाच फुगू नकोस."

तिने पूड घेतली होती, जागं ठेवणारी, पाण्यात विरघळवून सुईने. एकदाच. बहीण नको म्हणत होती, हिनेच मागितली. सांगताना ती जाकिटाच्या साखळीशी चाळा करत होती. केर्तूने विचारलं, सायमीला का सांगितलं नाहीस. ती तर रागावत नाही.

"तेच तर. रागावत नाही." मिल्का हळू बोलत होती, आतल्या खोलीकडे कान ठेवून. "दोन वर्षांमागे असंच झालं होतं. मी येऊन सांगितलं. ती म्हणाली, चालतं गं, आणि माझा हात धरून बसली. नंतर आठवडाभर ती अशी चालायची, की तिच्या घरी कुणी गेलंय. ते मी केलं होतं. कपाचं एक बरं असतं. कपाला वाईट वाटत नाही. खोटं निघालं की निघालं, शिव्या घातल्या, घरी गेलं. इथे मला दोघींना सांभाळावं लागतं, मला आणि तिला." ती थांबली. "इथल्या स्वयंपाकघरात तिच्या फ्रीजवर माझा फोटो आहे. बघितलास?"

केर्तूने बघितला नव्हता. आपल्या सगळ्या प्रश्नांत हा प्रश्न कुठेच नव्हता, हे मात्र तिच्या लक्षात आलं. कपाने माणसाची लाज जाते, एवढं सगळे म्हणत आले होते. मायेचंही ओझं होतं, हे तिला कुठल्या केंद्रात कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिने कुणाला विचारलं नव्हतं.

"बोटीचं काय?" ती म्हणाली.

"तू काय म्हणतेस?"

केर्तूला खरं उत्तर माहीत होतं. त्या पुडीचा माग लघवीत दोन-तीन दिवस राहतो. आज सापडेल. बोटीवरची पाळी संपवून आल्यावर काहीही सापडणार नाही. मिल्काने डबा उचलून बस पकडली तर जगातला कुठलाही कप तिला पकडू शकणार नव्हता. हे तिने मिल्काला सांगितलं, जसंच्या तसं. आणि मग म्हणाली, "आठवड्याच्या बाटल्या घेऊन तू आज बोटीवर जाऊ नयेस, असं मला वाटतं. पण मी तुला अडवू शकत नाही."

"तू ना, अगदी वाईट माणूस आहेस," मिल्का म्हणाली. त्यात राग नव्हता. तिने पिशवी पायाने बाकाखाली सरकवली. "इथेच बस. ती आणि मी अशा दोघीच असलो तर मला जमणार नाही."

खिडकी उघडली. सायमीने कुलपाचा डबा फळीवर ठेवला. बाटल्या आत मांडून तयार होत्या. तिने मिल्काच्या हातांकडे बघितलं आणि वाट बघितली.

"सायमी, मला कप दे."

"कशाला?"

"दे गं."

सायमीने मिल्कावरून नजर काढून केर्तूकडे बघितलं. भर थंडीत सौन्याचं दार उघडं टाकून गेलेल्या माणसाकडे बघतात, तसं बघितलं.  कप शोधायला तिला वेळ लागला. कपाटात नाताळच्या सजावटीमागे खोका होता, तो काढताना कागदी तारे खाली पडले आणि तिघींपैकी कुणीच ते उचलले नाहीत.

शौचालय बोळाच्या टोकाला होतं. केर्तू बाकावरच बसून राहिली. तिला मिल्काचा आवाज ऐकू आला, "उभी राहा ना, नियम आहे," आणि मग बराच वेळ नुसता नळाचा आवाज. कपातल्या लघवीत बुडवायची जी पट्टी असते, तिच्यावर नशेचा माग सापडला की रेघ उमटत नाही. सायमी ती पट्टी हातात धरून बोळातल्या दिव्याखाली उभी राहिली, न उमटलेल्या रेघेची वाट बघत, वेळ होऊन गेल्यावरही.

"नाही आली," मिल्का म्हणाली.

"अजून थोडं थांबू."

"सायमी."

"मी दोन दिवसांच्या देऊ शकते. तुर्कूला दुसरं केंद्र आहे, बोट परत लागली की तिथे—"

"नको. रोज येते इथे." मिल्काने तिच्या हातातून पट्टी घेतली आणि कचऱ्यात टाकली. "आणि माझा हात धरू नकोस आज. उद्या धर."

सायमीने हात मागे घेतला. तिचा चेहरा लाल झाला होता. डबा आत नेऊन तिने बाटल्या एकेक करून कपाटात परत ठेवल्या, आणि मिल्काची त्या दिवसाची मात्रा पेल्यात ओतून आणली.

मिल्का बोटीच्या मुकादमाला फोन करायला बोळात गेली, तेव्हा खिडकीपाशी दोघीच उरल्या.

"काय लिहिणार आहेस?" सायमीने विचारलं.

"परवानगी राहू दे, असं. सौनाही राहू दे. पण आठवड्याच्या बाटल्या देण्याआधी कप हवा. दर वेळी. सगळ्यांना."

"मग पुन्हा मांडीशी बाटल्या बांधून येतील."

"काही जणी येतील. काही जणींना सोपं जाईल. किती जणींना काय, ते मला माहीत नाही."

"मग माहीत नसताना लिहितेस?"

"हो," केर्तू म्हणाली.

सायमीने खाली वाकून कागदी तारे गोळा केले. काही वेळाने, तारे खोक्यात भरता भरता, तिने विचारलं, "ती तुला का बोलली? मला तीन वर्षं ओळखते."

केर्तूला उत्तर ठाऊक होतं. ते सांगितलं तर सायमीची पुढची कितीतरी वर्षं जड जातील आणि नाही सांगितलं तर मिल्काची. तिने सांगितलं. फ्रीजवरचा फोटो, घरी कुणी गेल्यासारखं चालणं, दोघींना सांभाळणं, सगळं. शक्य तितक्या कमी शब्दांत. सायमी ऐकत होती, या वेळी केर्तूच्या तोंडाकडे बघत. मग ती म्हणाली की फोटो आज काढला तर मिल्काला वाटेल मी रागावले. केर्तू म्हणाली, वाटू दे. सायमीने मान हलवली, पण ती हो म्हणाली की नाही, ते केर्तूला कळलं नाही.

बोळातून मिल्काचा आवाज येत होता. हो. नाही, दात नाही. औषधाचं. खोटं कशाला बोलू? पुढच्या पाळीचं तेव्हा विचार. मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. परत आली तेव्हा तिचे कान लाल होते.

"काय म्हणाला?" सायमीने विचारलं.

"म्हणाला, बघतो. एकदा चालेल म्हणाला. दोनदा नाही." तिने बाकाखालची पिशवी ओढली आणि आता तिचं काय करायचं हे न कळल्यासारखी उभी राहिली. शुक्रवारी सकाळी तिला कुठेच जायचं नव्हतं.

केर्तूलाच दहाची बस गाठायची होती. तिने कोट घातला, सायमीचा हात हातात घेतला. सायमीने तो नीट, कोरडेपणाने दाबला. मिल्काने काही न विचारता केर्तूची बॅग उचलली. गुडघे बघितलेत मी तुझे, असं म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

केर्तू तिच्यामागून चालत राहिली. बर्फ पडायला हवं होतं, पण नुसतंच ओलं होतं. बसथांब्यावर तुर्कूची गाडी आधीच लागलेली होती. ड्रायव्हर मिल्काला ओळखत होता. तिच्यासाठी मागचं दार उघडत म्हणाला, चढ लवकर. आज नाही, मिल्का म्हणाली, ही चढेल. तिने बॅग आत ठेवली.

"परत येशील?" तिने विचारलं.

"मंडळाने पाठवलं तर."

"पाठवलं तर बुधवारी नको येऊस."

"नाही येणार," केर्तू म्हणाली.

"गुरुवारी ये. सूप बरं करते ती." मिल्काने हात जाकिटाच्या खिशात घातले आणि बस हलायची वाट न बघता केंद्राच्या दिशेने परत निघाली.